चलान निपाणीचं, बोनस कोथरूडचा

कोथरूडच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ८२ वर्षांच्या आजींनी गेल्या उन्हाळ्यात निपाणीच्या पुढे ताशी ११८ किलोमीटर वेगाने मोटार पिटाळली. त्याच दिवशी सकाळी साताऱ्याजवळ त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गोव्यात पर्वरीला होत्या, तेही काचांना काळी फिल्म लावून. सरकारदरबारी नोंद अशी आहे. आजींचं म्हणणं जरा वेगळं पडतं. ते दोन्ही दिवस त्या घरी गुडघ्याला शेक घेत बसल्या होत्या, गोवा त्यांनी मंगेशीपुरता एकदाच पाहिलाय, आणि मोटारीत बसल्या तरी त्या डोळे मिटून रामरक्षा म्हणतात.

मोटार मात्र त्यांच्याच नावावर आहे. घरातल्या थोरल्या माणसाच्या नावावर वाहन घेतलं की ते लाभतं, असं काकांना एका ज्योतिषाने सांगितलं होतं. काका म्हणजे आजींचे चिरंजीव, बँकेतून निवृत्त झालेले. ज्योतिषाचं म्हणणं खरं निघालं. वाहन सगळ्यांना लाभलं आणि चलानं आजींना लाभली.

याला कारण कॅमेरा. चौकातला हवालदार माणसाकडे बघायचा. लायसन मागायचा, 'काय घाई होती?' विचारायचा, माणूस गयावया करायचा किंवा 'आमचे साडू मंत्रालयात आहेत' म्हणायचा. कॅमेऱ्याला साडू कळत नाहीत. तो नंबरप्लेटचा फोटो काढतो, प्लेटवरून मालकाचं नाव निघतं आणि दंड त्या नावावर बसतो. स्टिअरिंगमागे नेमकं कोण होतं, हा प्रश्न कायद्याने घरच्यांवर सोडलाय. मोटार वाहन कायद्याच्या १३३व्या कलमानुसार पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. म्हणजे या घरात काका, बाणेरचे जावई आणि त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा या तिघांपैकी एकाची चहाडी करण्याची कायदेशीर जबाबदारी आजींवर आहे.

"आई, पोलिसांनी विचारलंच तर गाडी कोण चालवत होतं म्हणून सांगशील?"

"मी."

"अगं, तुला चालवता कुठे येते?"

"ते त्यांना कुठे ठाऊक आहे?"

चलान झालंय हे मुळात कुणाला कळलंच नव्हतं. २०२१ साली केंद्राने नियम केला की कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची. ती पाठवतात वाहनाच्या नोंदीवर असलेल्या मोबाइलवर. आजींच्या गाडीच्या नोंदीवर नंबर होता तो गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये कागद भरणाऱ्या मुलाचा. तो मुलगा नोकरी सोडून केव्हाच दुसरीकडे गेला असेल, पण जिथे असेल तिथे आजींचं सगळं धावतं चरित्र त्याला वेळच्या वेळी कळत असणार.

दरम्यान जावयांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश आला. 'आपल्या वाहनाचे चलान प्रलंबित आहे', खाली एक एपीके फाइल. अशा बनावट फाइल उघडू नका, फोन ताब्यात जातो, बँक खातं रिकामं होतं, हे पोलीस सांगून थकलेत. खरं चलान उघडायला पुणेकराला सहा महिने लागतात, खोटं तो सहा सेकंदांत उघडतो. जावयांनी उघडलं. नशिबाने फोनमध्ये जागा शिल्लक नव्हती. 'गुड मॉर्निंग'च्या गुलाबांनी भरलेल्या त्या फोनमध्ये फाइल उतरलीच नाही, आणि कुटुंबाची ठेव वाचली.

पण त्या निमित्ताने खरं चलान आहे का बघायचं ठरलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाला चहाला बोलावलं गेलं. पुण्यात सरकारी संकेतस्थळ उघडायची हीच रूढ पद्धत आहे. त्याने सांगितलं, एक वेबसाइट महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांची, दुसरी केंद्राची 'परिवहन'. राज्यातलं एकीवर बघायचं, परराज्यातलं दुसरीवर. दोन्हींना गाडीचा चासी नंबर लागतो. तो आरसीवर असतो, आरसी गाडीत असते, गाडी बाणेरला असते. चहा तीनदा झाला. शेवटी साताऱ्याचं एक चलान पहिल्या वेबसाइटवर सापडलं. काकांनी सुटकेचा श्वास टाकला तेवढ्यात मुलगा म्हणाला, "परराज्याचं बघायचं राहिलंय. कर्नाटकात एक दिसतंय. निपाणी."

"निपाणी परराज्यात कधीपासून?" काका ताडकन म्हणाले.

इथे प्रकरण चिघळलं. काका पन्नास वर्षं ठणकावून सांगत आलेत की बेळगाव, निपाणी, खानापूर महाराष्ट्राचेच. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तेव्हा त्यांनी बँकेत पेढे वाटले होते. आता गोची अशी की, निपाणी महाराष्ट्रात म्हणावी तर 'परराज्यातलं चलान कशाला भरायचं?' ही सबब जाते. कर्नाटकात म्हणावी तर पन्नास वर्षांचा लढा जातो, आणि तोही एका वेगमर्यादेपायी. काकांनी रात्रभर विचार केला. सकाळी त्यांनी भूमिका जाहीर केली: निपाणी महाराष्ट्राचीच आहे, तो कॅमेरा तेवढा कर्नाटकाचा आहे.

गोव्याच्या चलानावर मात्र युक्तिवाद करायला फारशी जागा नव्हती. काचांवर फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच देशभर बंदी घातलीय. "पुण्यात वर्षभर फिरतोय, कुणी हटकलं नाही," असं जावई म्हणाले. हे विधान पुण्यातल्या बहुतेक गुन्ह्यांना लागू पडतं.

या सगळ्यात काकांच्या पोटात खरा गोळा आला तो विम्याच्या हप्त्याचा. त्याला कारण न्यू जर्सीतला मुलगा. तो दोन वर्षांपूर्वी पिट्सबर्गच्या बालाजीला निघाला होता. वाटेत पेनसिल्व्हेनियाच्या हायवेवर पोलिसाने थांबवून त्याच्या हातात जास्त वेगाचं तिकीट ठेवलं. पेनसिल्व्हेनियात केलेलं पाप न्यू जर्सीत कुणाला कळतंय, अशी त्याची अस्सल कोथरूडी समजूत होती. पण तिकडच्या बहुतेक राज्यांनी आपसात करार करून ठेवलाय, 'ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट' नावाचा: एक चालक, एक लायसन, एक नोंद. न्यू जर्सी तर परराज्यातल्या अशा गुन्ह्याला सरसकट दोन गुण लावते. हे गुण मिळाल्यावर पेढे वाटायचे नसतात. तीन वर्षांत सहा झाले की दीडशे डॉलरचा अधिभार, पुढच्या प्रत्येक गुणाला आणखी पंचवीस. त्यात विमा कंपनी नूतनीकरणाच्या वेळी ही नोंद मागवून वाचते आणि हप्ता वर ढकलते.

"किती वाढला?" काकांनी फोनवर विचारलं होतं.

"बाबा, त्या पैशात पुण्याचं तिकीट आलं असतं."

"गाडी आजीच्या नावावर घ्यायची होतीस."

"इकडे तिकीट माणसाला मिळतं, बाबा. गाडीला नाही."

त्याने सुरक्षित ड्रायव्हिंगचा एक कोर्स करून दोन गुण उतरवूनही घेतले. तिकडे तशी सोय आहे. काकांना त्यात एकच गोष्ट पटली, ती म्हणजे कोर्स केल्यावर विम्यात थोडी सवलतही मिळते.

अमेरिकेत एका तिकिटाने ही गत, तर इकडे तीन-तीन चलानं, दोन परराज्यांतली. काकांनी धडधडत्या छातीने विमा एजंटला फोन लावला.

"चलानं झालीयेत हो. हप्ता कितीने वाढेल?"

"क्लेम केलाय का?"

"नाही. सहा वर्षांत एकही नाही."

"मग ५० टक्के नो क्लेम बोनस. अभिनंदन, काका."

काकांना वाटलं एजंटला ऐकू आलं नाही. त्यांनी निपाणीचा वेगही सांगून पाहिला. एजंट म्हणाला, "चांगली गाडी आहे तुमची."

एजंट चुकत नव्हता. आपल्याकडे मोटार विम्याचे मुख्य भाग दोन. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. त्याचा दर सरकार ठरवतं, आणि खासगी मोटारीला तो इंजिनच्या आकारावरून लागतो. २०२२च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६. त्यात स्टिअरिंगवर संत एकनाथ आहेत की फॉर्म्युला वनचा शर्यतपटू, याची चौकशी नाही. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्यावर नो क्लेम बोनस मिळतो. पहिलं वर्ष क्लेमविना गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५०. क्लेम केला नाही एवढीच अट. सिग्नल किती तोडले, एकेरी रस्त्यात उलटे किती वेळा घुसलात, याला त्या तक्त्यात जागाच नाही.

त्यामुळे पुण्यात हा बोनस घरातल्या मुलीच्या लग्नासारखा सांभाळतात. मंडईत मागच्या टेम्पोने काकांचा बंपर फोडला तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून ९,००० रुपये भरले. बोनसची वाचलेली रक्कम त्याच्या निम्मीही नव्हती. "पण रेकॉर्ड स्वच्छ राहिलं ना," काका म्हणाले. गॅरेजवाल्याने तो बंपर फ्रेम करून द्यायची तयारी दाखवली.

विमा कंपन्या कायम अशाच बेसावध राहतील असं मात्र नाही. जानेवारी २०२१मध्ये विमा नियामक इर्डाच्या कार्यगटाने एक मसुदा मांडला होता. थर्ड पार्टी, स्वतःचं नुकसान वगैरेंच्या जोडीला 'वाहतूक नियमभंगाचा हप्ता' हा आणखी एक भाग विम्यात आणावा, मागच्या दोन वर्षांतल्या गुन्ह्यांचे गुण मोजावेत आणि दिल्लीत प्रयोग करून पाहावा, असं त्यात सुचवलं होतं. दारू पिऊन गाडी चालवली तर १०० गुण, चुकीच्या जागी गाडी लावली तर १०. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने हे वाचून दाखवताच काका हातातला कागद घेऊन हिशेबाला बसले. आयुष्यात त्यांनी दारूला स्पर्श केला नाही, पण लक्ष्मी रोडवर गाडी लावून 'दोन मिनिटांत येतो' म्हणत ते बऱ्याचदा साडी खरेदीला गेलेत.

"म्हणजे दहा वेळा नो पार्किंग म्हणजे एकदा दारू?"

"त्या हिशेबाने, हो."

"मग मी एव्हाना दोन-तीनदा तरी तर्र झालोय."

तो भाग अजून तरी कुणाच्या पॉलिसीत छापून आलेला नाही. काका दरवर्षी पॉलिसीची शेवटची पानं भिंग लावून तपासतात.

चलान आणि विमा यांची खरी गाठ पडते ती भलत्याच ठिकाणी, आणि पुणेकराच्या नाजूक जागी: डोक्यावर. या शहराने हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती स्थापन केली. १ जानेवारी २०१९पासून सक्ती सुरू होताच त्याच आठवड्यात लोकांनी उघड्या डोक्यांनी मोर्चा काढला. हेल्मेटने मान दुखते, केस गळतात, ऐकू येत नाही, ओळखीचे लोक ओळखत नाहीत, अशी एकेक बिनतोड कारणं या शहराने देशाला दिली. पण कायद्याच्या १९४-ड कलमात दंडाशेजारी आणखी एक ओळ आहे आणि ती वाचायची राहून जाते: तीन महिने लायसन अपात्र. नातवाला फर्ग्युसन रोडवर विनाहेल्मेट पकडलं तेव्हा त्याने फोनवरून दंड भरला आणि मित्रांना सामोसे दिले. अपात्रतेचा आदेश निघाला असता आणि त्या तीन महिन्यांत त्याने कुणाला उडवलं असतं, तर मात्र तोपर्यंत गाढ झोपलेली विमा कंपनी खडबडून जागी झाली असती. वैध लायसन नव्हतं हा विमा कंपनीचा जुना, आवडता बचाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या स्वर्ण सिंग खटल्यात सांगून ठेवलंय की अशा वेळीही जखमीला पैसे कंपनीनेच आधी द्यावेत, मालकाचा दोष सिद्ध झाला तर मागाहून त्याच्याकडून वसूल करावेत. स्कूटरची मालकीण पुन्हा आजीच.

हे कळल्यावर आजींनी पहिल्यांदाच कायद्यात रस घेतला. नातवाला त्यांनी हेल्मेट घातल्याशिवाय जेवायला वाढायचं नाही असा नियम काढला आणि पोराला दोन दिवस हेल्मेटची काच वर करून आमटी भुरकावी लागली.

चलानं भरावीत का, हा प्रश्न तोवर कुणाच्या मनातही आला नव्हता. पुणेकर चलान भरत नाही, तो मुरवतो. याला शास्त्रीय आधार आहे. तेलंगणाने मार्च २०२२मध्ये थकलेल्या चलानांवर सवलत दिली, दुचाकीला ७५ टक्के. लोकांनी भरली, मग पुन्हा थकवली, म्हणून डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा दिली. या खेपेला दुचाकीला ८०, मोटारीला ६० टक्के. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३मध्ये निम्मी रक्कम माफ केली तर बंगळुरूकरांनी रांगा लावून काही दिवसांत शंभर कोटींहून जास्त भरले. पंचाहत्तर टक्के सूट हे शब्द काकांनी याआधी फक्त चादरींच्या प्रदर्शनाबाहेर वाचले होते. सिग्नल हैदराबादेत तोडायला हवा होता, पुण्यात तोडून आपण नुकसान करून घेतलं, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यात दंडाचे दरही राज्यागणिक निराळे. २०१९च्या सुधारित कायद्याने रकमा वाढवल्या, पण तडजोडीची रक्कम ठरवायची मुभा राज्यांकडे राहिली. गुजरातने लगेच बरेच दंड उतरवले. महाराष्ट्राने तर दोन वर्षं नवे दर लावलेच नाहीत, ते लागू झाले डिसेंबर २०२१मध्ये. तेवढा काळ महाराष्ट्रात जुन्या दराने गुन्हे करता येत होते आणि आपण त्याचा पुरेसा फायदा घेतला नाही, ही खंत काका आजही कट्ट्यावर बोलून दाखवतात.

मुरवण्याच्या या कलेला धक्का बसला तो गाडी विकायला काढली तेव्हा. बारामतीचं गिऱ्हाईक आलं, सौदा ठरला, पेढे झाले. आणि एजंट म्हणाला की चलानं थकलेली असताना आरटीओत नावावर करायचं काम अडेल. काकांनी बारामतीकरांना विचारलं, "चलानांसकट घेता का? निपाणीचं पन्नास टक्क्यांत जाईल, थोडं थांबलात तर." बारामतीकर पाणी न पिताच उठले.

मग रविवारी बैठक बसली. भरायचं की लढायचं? साताऱ्याच्या चलानावर काका लढायला तयार होते. राज्यातल्या वाहतूक चलानांसाठी व्हर्च्युअल कोर्ट ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झालं ते नागपूर जिल्ह्यात काटोलला.

"काटोल म्हणजे संत्र्यांचं? मी जातो. समोरासमोर बोललं की माणूस ऐकतो."

"काका, व्हर्च्युअल आहे. जायचं नसतं. घरबसल्या कबूल करून दंड भरायचा."

"समोर कुणी नसेल तर वाद कुणाशी घालायचा?"

वाद घालायचा असेल तर चलान नाकारायचं, मग प्रकरण जिथे गुन्हा घडला तिथल्या नेहमीच्या कोर्टात जातं, असं मुलाने समजावलं. हे ऐकताच खोलीतलं वातावरण बदललं. साताऱ्याचं चलान भरून टाकायचं ठरलं, कारण साताऱ्याला उन्हात कोण जाणार. निपाणीचंही भरायचं ठरलं. सीमालढ्याला हा आपला हातभार समजावा, असं काका म्हणाले आणि पावती कर्नाटक सरकारच्या नावे निघाल्याचं पाहून पुन्हा गप्प झाले.

राहिलं गोव्याचं. तीनपैकी सर्वांत पक्कं चलान तेच होतं. फिल्म लावलेली होती, फोटोत दिसत होती, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता.

"हे मात्र लढायचं," जावई म्हणाले.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," काका म्हणाले.

नातवाने डिसेंबरात तारीख मिळते का ते बघायला सांगितलं. ३१च्या आसपासची मिळाली तर फारच उत्तम. मुलीने विचारलं की कोर्ट पर्वरीच्या बाजूला असेल तर राहायचं कुठे. जावयांनी कळंगुटला समुद्रासमोरच्या खोल्या आधीच बघून ठेवल्या होत्या, वकील बघायचा राहिला होता. आजींनी आरोपी या नात्याने फक्त एवढंच विचारलं की जाताना चोर्ल्याच्या घाटातून जाणार की आंबोलीतून, कारण आंबोलीत भजी चांगली मिळतात.

"दंड ५०० रुपये आहे," तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा हळूच म्हणाला. "आत्ता लगेच भरू का? दोन मिनिटं लागतील."

काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुला यायचंय का?" ते म्हणाले. "मागे एक जागा आहे. कोर्टात साक्षीदार लागतोच."